छत्री आणि अँटेना एकाच वायरीवर: त्या मेसेजमधलं किती खरं?

वळवाचे ढग दिसू लागले की आमच्या परभणी-हिंगोली भागात व्हॉट्सअॅपवर डिश टीव्हीच्या छत्रीबद्दल एक मेसेज फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: ‘छत्रीची वायर आणि अँटेनाची किंवा केबलची वायर कधीही एकत्र करू नका. दोन्ही सिग्नल मिसळून दोन्ही बिघडतात. छत्रीच्या वायरीतल्या करंटने टीव्ही जळतो. सिग्नल निम्मा होतो. अशा वायरीवर वीज पडते. प्रत्येकाला वेगळी वायर टाका. अँटेना तर सरळ भंगारात घाला.’ खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही.

छत्र्या बसवणं आणि टीव्हीची वायरिंग करणं हे माझं रोजचं काम. आपल्याकडच्या बहुतेक घरांत स्लॅबमधून टीव्हीसाठी एकच पाइप सोडलेला असतो, त्यात दुसरी वायर सरकत नाही. हा मेसेज वाचून लोक रंग दिलेल्या भिंतींना झिऱ्या मारून घेतात, नाहीतर गच्चीवरून खिडकीत वायर सोडतात आणि त्या फटीतून पावसाचं पाणी घरात येतं. कर्ज काढून बांधलेल्या घराची अशी नासधूस मला बघवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘सिग्नल मिसळतात.’ दूरदर्शनच्या मोफत फ्री डिशचं ११०९० मेगाहर्ट्झवरचं प्रक्षेपण घ्या. छत्रीवरचा एलएनबी, म्हणजे छत्रीसमोर बसवलेली सिग्नल पकडणारी डबी, त्यातून ९७५० वजा करतो आणि वायरीत १३४० मेगाहर्ट्झ सोडतो. छत्रीकडून वायरीत उतरणारं सगळं असंच ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बसतं. एफएम रेडिओ ८७.५ ते १०८ मध्ये असतो. अँटेनावरचा टीव्ही आणि केबलवाल्याचा सिग्नल ८६२ च्या खाली असतात. म्हणजे छत्रीचा पट्टा आणि बाकी सगळ्यांचा पट्टा एकमेकांना शिवतही नाहीत. दोघांना एका वायरीत घालणारा तुकडा म्हणजे डिप्लेक्सर. दुकानात त्याला कॉम्बायनरही म्हणतात. त्यात दोन फिल्टर असतात, एक खालचा पट्टा जाऊ देतो आणि दुसरा वरचा. एक तुकडा गच्चीवर लावून दोन्ही एकत्र करायचे, तसाच दुसरा टीव्हीमागे उलटा लावून दोन्ही वेगळे काढायचे.

मिसळण्याची भीती एका ठिकाणी मात्र खरी आहे. केबल आणि अँटेना या दोघांचा पट्टा एकच. ते एका वायरीत घातले की खरोखर एकमेकांवर चढतात, शिवाय केबलचा सिग्नल अँटेनातून बाहेर फेकला जाऊन शेजाऱ्याला त्रास होतो. छत्री आणि केबल चालतं, छत्री आणि अँटेना चालतं. केबल आणि अँटेना एकत्र करू नका.

‘टीव्ही जळतो.’ लोक सगळ्यात जास्त याला घाबरतात, त्यामुळे इथे जरा थांबतो. छत्रीच्या वायरीत करंट असतो हे बरोबर आहे. सेटटॉप बॉक्स त्याच वायरीतून वर एलएनबीला वीज पुरवतो: उभ्या पोलरायझेशनसाठी (म्हणजे उपग्रहाच्या उभ्या लहरींसाठी) १३ व्होल्ट, आडव्यासाठी १८. ही डीसी (बॅटरीसारखी एकाच दिशेने वाहणारी) वीज अँटेनाच्या किंवा टीव्हीच्या वाटेला जाऊ नये म्हणूनच डिप्लेक्सर असतो. त्याच्या ‘सॅट’ (सॅटेलाइट, म्हणजे छत्री) लिहिलेल्या तोंडातून डीसी आरपार जाते, ‘टीव्ही’ लिहिलेल्या तोंडाला ती अडवलेली असते. टीव्हीमागे तोंडं उलटसुलट लागली तर एलएनबीला वीजच मिळत नाही आणि बॉक्स ‘सिग्नल नाही’ दाखवतो. दोन वायरींची अदलाबदल करा, चित्र येतं.

मग ही भीती आली कुठून? मला वाटतं, टी-जोडातून. डिप्लेक्सरचे पैसे वाचवायला काही जण फिल्टर नसलेला साधा टी-आकाराचा जोड लावतात, किंवा दोन्ही वायरींच्या तारा सोलून पिळतात आणि वर चिकटपट्टी गुंडाळतात. छतावरच्या जुन्या अँटेनाचा मुख्य दांडा बंद वळशाचा असतो. डीसीच्या दृष्टीने तो सरळ शॉर्ट. बॉक्सचे १८ व्होल्ट त्यात गेले की बॉक्सचं संरक्षण काम करतं आणि पडद्यावर एलएनबी शॉर्ट झाल्याची सूचना येते. स्वस्तातल्या बॉक्सचा वीजपुरवठा कायमचा बसूही शकतो. त्या वेळी बिघाड टी-जोडाने केलेला असतो आणि नाव मात्र ‘एका वायरीत दोन सिग्नल’चं होतं. मन मानत नसेल तर टीव्हीला जाणाऱ्या पिनेवर मल्टिमीटर लावा. शून्य व्होल्ट दिसले की वायर निर्धास्त जोडा.

अँटेनाला बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारं यंत्र, असेल तर एक काळजी घ्यावी लागते. बूस्टरलाही वीज लागते आणि डिप्लेक्सर तीही अडवतो. त्याचा अडॅप्टर गच्चीवरच, डिप्लेक्सरच्या आधी, पाऊस लागणार नाही असा बसवा.

‘सिग्नल निम्मा होतो.’ हे स्प्लिटरचं वर्णन आहे. दोन तोंडांचा स्प्लिटर सिग्नल वाटून देतो, म्हणून प्रत्येक बाजूला साडेतीन-चार डेसिबल (सिग्नलची घट मोजायचं माप; तीन गेले की सिग्नल निम्मा) कमी मिळतात. डिप्लेक्सर काही वाटत नाही, ज्याचा पट्टा त्याच्याकडे पाठवतो. चांगल्या तुकड्यात एखाद-दीड डेसिबल जातं. छत्रीला वापरतात त्या आरजी-६ जातीच्या वायरीत पट्ट्याच्या वरच्या टोकाला, म्हणजे २१५० मेगाहर्ट्झच्या आसपास, १०० मीटरला साधारण ३० डेसिबल जातात. म्हणजे वरचा आणि खालचा असे दोन्ही तुकडे मिळून फार तर आठ-दहा मीटर जादा वायरीएवढं नुकसान. छत्री नीट लावलेली असेल तर ते जाणवतही नाही.

सिग्नल खरोखर खातात ते जुन्या बारीक वायरी आणि उघडे जोड. जोडात पाणी शिरलं की एका पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं. हाताने पिळलेल्या जोडाला वरची जाळी नीट लागत नाही आणि गावातल्या मोबाइल टॉवरचा १८०० मेगाहर्ट्झचा सिग्नल तिथून आत घुसतो; तो पट्टा नेमका छत्रीच्या पट्ट्यात येतो. फक्त काही चॅनेल तुटत असतील तर छत्री हलवण्याआधी जोड तपासा. वायरीच्या टोकाचा आट्यांचा एफ कनेक्टर घट्ट बसवा आणि तुकड्याच्या आधी वायरीला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. पाइपातली वायरच बदलायची असेल तर जुन्या वायरीच्या टोकाला नवी घट्ट बांधून जुनी ओढा. भिंत फोडावी लागत नाही.

एका वायरीवर दोन सेटटॉप बॉक्स मात्र साध्या स्प्लिटरने चालवू नका. एक १३ व्होल्ट मागतो, दुसरा १८, आणि एलएनबी एका वेळी एकाचंच ऐकू शकतो. त्यासाठी दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन वायरी लागतात. एका वायरीवर अनेक बॉक्स चालवणारे खास एलएनबीही असतात, पण बॉक्सलाही ती पद्धत समजावी लागते. इथे वेगळ्या वायरीचा सल्ला योग्यच आहे.

‘वीज पडते.’ मराठवाड्यात दरवर्षी विजेने माणसं आणि जनावरं दगावतात. म्हणूनच या विषयावर चुकीची माहिती पसरलेली मला सहन होत नाही. वायरीत किती सिग्नल आहेत यावर वीज पडणं ठरत नाही. उंच उभा लोखंडी पाइप आणि त्याला अर्थिंग आहे की नाही, यावर धोका ठरतो. छत्रीचा खांब आणि वायरीची जाळी जाड तांब्याच्या तारेने जमिनीतल्या अर्थिंगला जोडा. गडगडाट सुरू व्हायच्या आधी बॉक्सचा प्लग आणि वायर दोन्ही काढा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अॅप आसपासच्या विजेची सूचना देतं, ते फोनमध्ये ठेवा. थेट वीज पडली तर एक वायर असो वा चार, टीव्ही वाचत नाही. उलट वेगळ्या वायरी म्हणजे घरात शिरणाऱ्या वाटा वाढल्या.

‘अँटेना भंगारात घाला.’ दूरदर्शनने जुनी अॅनालॉग प्रक्षेपणं टप्प्याटप्प्याने बंद केली, मोजक्या जागा सोडून बाकीच्यांसाठी मार्च २०२२ ही मुदत होती. त्यामुळे बहुतेक गावांत जुन्या अँटेनावर चित्र येणार नाही. पण फेब्रुवारी २०१६ मध्ये ज्या १६ शहरांत दूरदर्शनचं डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं, त्यांत औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, होतं. शिवाय बीड, नांदेड, धाराशिवची आकाशवाणी एफएमवर आहे. डोंगराआडच्या वस्तीत रेडिओ खरखरत असेल तर गच्चीवर एफएमचा अँटेना लावून तो सिग्नल छत्रीच्याच वायरीतून खाली आणता येतो.

संभाजीनगरच्या आसपास राहत असाल तर आधी टीव्हीच्या माहितीपत्रकात डीव्हीबी-टी२ ट्यूनर, म्हणजे अँटेनावरचं डिजिटल प्रक्षेपण पकडणारा भाग, आहे का ते बघा. असेल तर अँटेना तात्पुरता वेगळ्या वायरीने थेट जोडून चॅनेल शोधा. काही लागलं तरच डिप्लेक्सरची जोडी घ्या, आणि घेताना ‘सॅट’च्या तोंडावर ९५० ते २१५० किंवा २४०० छापलंय का ते वाचून घ्या.