फ्लोरेन्स प्राइस फक्त फेब्रुवारीतच का?

फेब्रुवारी हा अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. त्या महिन्यात तिथले अनेक ऑर्केस्ट्रा कृष्णवर्णीय संगीतकारांना मानवंदना देणारी एखादी मैफल ठेवतात. या मैफली मी आवर्जून ऐकते, आणि त्या बंद व्हाव्यात असं मुळीच म्हणत नाही. पण मार्च लागला की पुन्हा ब्राम्स, बेथोव्हन, द्वोर्झाक हेच युरोपीय संगीतकार वाजू लागतात, आणि फ्लोरेन्स प्राइस या अमेरिकी कृष्णवर्णीय संगीतकार बाईंच्या स्वरलिपीची पानं बऱ्याच ठिकाणी वर्षभरासाठी कपाटात जातात. याचा मला मनापासून राग येतो.

प्राइस यांचा जन्म १८८७चा, आर्कान्सामधल्या लिटल रॉकचा. शिक्षण बोस्टनला, १९२७पासून मुक्काम शिकागोत. त्यांच्या पहिल्या सिम्फनीला (सिम्फनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना) १९३२ साली कृष्णवर्णीय संगीतकारांसाठीच्या वानामेकर स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं आणि १५ जून १९३३ला फ्रेडरिक स्टॉक यांनी शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून ती वाजवून घेतली. कृष्णवर्णीय बाईची सिम्फनी अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या ऑर्केस्ट्राने वाजवण्याची ती पहिलीच वेळ. आणि कार्यक्रमाचं नाव काय? ‘द नीग्रो इन म्युझिक’. जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ठेवलेला खास कार्यक्रम! म्हणजे तेव्हाही वेगळा दिवस, वेगळी पाटी.

१९४३ साली त्यांनी बोस्टन सिम्फनीचे संचालक सर्ज कुसेवित्स्की यांना पत्र लिहिलं. मी बाई आहे आणि कृष्णवर्णीय आहे, हे दोन्ही अडथळे बाजूला ठेवा आणि माझं संगीत फक्त गुणावर जोखा, एवढंच त्यांचं मागणं होतं. कुसेवित्स्कींनी त्यांची एकही रचना वाजवली नाही.

आता गुणावरच बोलू. त्यांच्या पहिल्या सिम्फनीचा तिसरा भाग ऐका. तिथे सहसा स्केर्झो, म्हणजे जलद, खेळकर भाग असतो, प्राइस यांनी ‘जुबा’ ठेवलाय. जुबा म्हणजे मळ्यांवरच्या गुलामांचा नाच. १७३९च्या गुलामांच्या बंडानंतर साउथ कॅरोलिनात कायद्याने त्यांच्या हातातले ढोल काढून घेतले. ढोल नाही तर नाही, लोकांनी टाळ्या, मांड्या आणि छाती यांवर ताल धरला. तो ताल इथे अख्ख्या ऑर्केस्ट्रात खेळतो. व्हायोलिनची धून ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे पडते, खालचे स्वर पाय आपटल्यासारखे सरळ चालतात. मध्येच स्वर घसरवणारी एक शिट्टी वाजते. दुसऱ्या भागात पितळी वाद्यं चर्चमधलं भजन गावं तशी वाजतात आणि त्यांच्यामधून आफ्रिकी ढोल हळूच बोलतो. ही कारागिरी कोणाच्या सवलतीवर उभी नाही.

चेक संगीतकार द्वोर्झाकची ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनी सगळ्यांना आवडते, मलाही. ती ई मायनर या स्वरसप्तकात, प्राइस यांची पहिलीही ई मायनरमध्येच. न्यूयॉर्कला असताना द्वोर्झाकला कृष्णवर्णीयांची भक्तिगीतं म्हणून दाखवली ती हॅरी बर्ली या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने, आणि अमेरिकेचं भावी संगीत याच सुरांवर उभं राहील असं द्वोर्झाकने १८९३ साली जाहीरपणे सांगितलं. मग बाहेरून आलेल्या पाहुण्याने त्या सुरांपासून स्फूर्ती घेऊन लिहिलेलं वर्षभर वाजतं आणि घरच्या माणसाचं सणावारी, हे कसं?

पूर्वी ‘स्वरलिपीच मिळत नाही’ ही सबब तरी होती. प्राइस १९५३ला गेल्या. इलिनॉय राज्यातल्या सेंट ॲन गावातल्या त्यांच्या पडक्या घरात २००९ साली नव्या मालकांना हस्तलिखितांचे ढीग सापडले, त्यात दोन व्हायोलिन कंचेर्तो (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचना) आणि चौथी सिम्फनी. २०१८पासून त्यांच्या रचनांचे हक्क जी. शर्मर या बड्या प्रकाशकाकडे आहेत. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने केलेल्या पहिल्या आणि तिसऱ्या सिम्फनीच्या ध्वनिमुद्रणाला २०२२ साली ग्रॅमी मिळालं. आता अडतंय कुठे?

माझं मागणं साधं आहे. ऑक्टोबरातल्या एखाद्या नेहमीच्या शनिवारी, कुठलीही पाटी न लावता, पूर्वार्धात प्राइस आणि उत्तरार्धात ब्राम्स. विल्यम ग्रँट स्टिल आणि विल्यम डॉसन या कृष्णवर्णीय संगीतकारांच्या सिम्फनीही अशाच हव्यात. अमेरिकेतल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकजण हंगामाची तिकिटं काढता. ऑर्केस्ट्राकडून अभिप्रायाचा फॉर्म आला की ही नावं लिहा. बाकीच्यांनी फिलाडेल्फियाचं ध्वनिमुद्रण ऐका, आणि जुबा कसा वाटला ते खाली कळवा.