नोबिताची बाजू

'डोरेमॉन' या जपानी कार्टूनमधला नोबिता आळशी आहे, रडका आहे, गृहपाठ करत नाही, पेपरात शून्य आणतो आणि अंगाशी आलं की 'डोरेमॉन, बचाओ' करत घरी पळत सुटतो. डोरेमॉन म्हणजे त्याच्या घरी राहणारं यंत्रमांजर, पोटावरच्या खिशातून भविष्यातल्या वस्तू काढून देणारं. सगळं मान्य. तरीही त्याच्याविषयी आपल्याकडे जे बोललं जातं ते मला पटत नाही. बरेच दिवस मनात होतं, आज सविस्तर लिहिते.

मी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. डोरेमॉन आपल्याकडे २००५ पासून हिंदीत दिसतोय. तेव्हा जी पोरं टीव्हीसमोर मांडी घालून बसायची ती आता कामाधंद्याला लागली, काहींची लग्नंही झाली. पालकांची तक्रार मात्र तीच. 'बाई, हा अगदी नोबिता झालाय हो, सगळं आयतं पाहिजे.' आणि हे मुलासमोर, त्याच्या डोक्यावर टपली मारत. मूल खाली बघत उभं असतं.

यातली एक तक्रार मला समजते, भाषेची. घरात मराठी बोलणारी पोरं मधल्या सुट्टीत हिंदीत भांडतात, हे मी रोज ऐकते. बांगलादेशात तर २०१३ साली मुलं बंगालीऐवजी हिंदी उचलतात म्हणून हिंदी डोरेमॉन बंद करण्यात आला. त्या काळजीत तथ्य आहे. पण 'यंत्रं सगळं करून देतात, म्हणून मुलं ऐतखाऊ होतात' असं म्हणणाऱ्यांनी एक तरी गोष्ट शेवटपर्यंत पाहिलीय का, अशी मला शंका येते.

पाठांतराच्या पावाची गोष्ट घ्या. उद्या परीक्षा आहे, नोबिताने पुस्तक उघडलेलं नाही. डोरेमॉन त्याला पाव देतो. पुस्तकाच्या पानावर पाव दाबायचा, अक्षरं त्यावर उमटतात, पाव खाल्ला की ते पान पाठ. नोबिता पावामागून पाव खात सुटतो. शेवटी पोट बिघडतं, संडासात धाव घ्यावी लागते आणि पाठ केलेलं सगळं पोटाबरोबर साफ होतं. पुन्हा पहिल्यापासून. बहुतेक गोष्टींचा साचा हाच: अडचण आली, वस्तू मिळाली, हाव सुटली, फजिती झाली. वर्गात मी 'श्रमाचे महत्त्व' हा निबंध कितीही वेळा लिहून घेतला तरी पोरांना त्यातलं जेवढं कळणार नाही, तेवढं त्या पावातून कळतं.

आता हा डोरेमॉन आला कुठून, हे थोडं सांगायला हवं, कारण माझं म्हणणं त्यावरच उभं आहे.

मूळ चित्रकथा जपानमध्ये १९६९ च्या डिसेंबरात सुरू झाली. शोगाकुकान या प्रकाशनाची लहान मुलांसाठी इयत्तावार मासिकं असायची: पहिलीचं वेगळं, दुसरीचं वेगळं, बालवाडीचंही वेगळं. जानेवारी १९७० च्या अशा सहा मासिकांमध्ये डोरेमॉन एकदम अवतरला, आणि प्रत्येक इयत्तेसाठी गोष्ट वेगळी काढलेली. पहिलीच्या मुलाला जे कळतं ते वेगळं, चौथीच्या मुलाला बोचतं ते वेगळं, हे त्या चित्रकाराला पक्कं ठाऊक होतं. बावीसाव्या शतकातून नोबिताचा खापरपणतू त्या निळ्या मांजराला पाठवतो, तोही लाड करायला नाही. नोबिताने मोठेपणी एवढं कर्ज करून ठेवलंय की ते पिढ्यान्‌पिढ्या फिटत नाही, आणि त्या खापरपणत्याला नवीन वर्षाची ओवाळणी म्हणून फक्त ५० येन मिळाले आहेत! तेव्हा डोरेमॉनचं काम नोबिताची सेवा करणं हे नाहीच. त्याला स्वतःच्या पायावर उभं करून परत जायचं, हे काम.

हे लिहिणारे फुजिमोतो हिरोशी, टोपणनाव फुजिको एफ. फुजिओ. तोयामा प्रांतातल्या ताकाओका गावचे. नोबिता म्हणजे लहानपणीचा मीच, असं ते सांगत. अंगाने किरकोळ, खेळात मागे. पाचवीत असताना त्यांच्या वर्गात एक नवा मुलगा आला, आबिको मोतोओ. वडील देवळाचे पुजारी, ते वारले म्हणून घर सोडून या गावात आलेला. नवी शाळा, ओळखीचं कुणी नाही, तो वहीत चित्रं काढत बसलेला. फुजिमोतो त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, छान काढतोस की. झाली दोस्ती. १९५४ मध्ये दोघं मिळून तोक्योला गेले, एकाच खोलीत राहिले, एकाच नावाने चित्रकथा छापत राहिले. वेगवेगळं काम करू लागले तरी नाव एकच. १९८७-८८ च्या सुमाराला त्यांनी ते नाव वाटून घेतलं. डोरेमॉन एकट्या फुजिमोतोंचा. पण ज्या माणसाची आयुष्यभराची सोबत पाचवीच्या बाकावरून सुरू झाली, त्याने शाळेतली मैत्री लिहिली आहे, हे विसरून चालणार नाही.

मी चौथीची बाई आहे म्हणून असेल, मला सर्वांत भिडतो तो इयत्तांचा हिशेब. जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. चौथीचं मासिक वाचणारं मूल मार्चनंतर पाचवीत जाणार आणि त्याचा डोरेमॉन सुटणार. म्हणून फुजिमोतोंनी १९७१ आणि १९७२ च्या मार्च महिन्यांत चौथीच्या मासिकात चक्क शेवटची गोष्ट लिहिली. खालच्या इयत्तांमध्ये डोरेमॉन चालूच होता. निरोप फक्त त्या मोठ्या होणाऱ्या मुलांना. असा विचार करणारा लेखक मला दुसरा माहीत नाही.

आणि मग १९७४ चा मार्च, तिसरीचं मासिक. ज्यांना नोबिताचा राग येतो त्यांनी एवढी एक गोष्ट वाचावी.

डोरेमॉनला भविष्यात परत जायचंय. शेवटची रात्र. दोघांना झोप येत नाही म्हणून फिरायला बाहेर पडतात. डोळे पाणावले ते दिसू नयेत म्हणून नोबिता थोडा बाजूला जातो आणि त्याला नेहमी मारणाऱ्या दांडगट जियानच्या तावडीत सापडतो. जियानला झोपेत चालायची सवय, ते नोबिताने पाहिलं म्हणून तो चिडलेला. त्याने धरल्यावर नोबिताच्या तोंडून सवयीने 'डोरे...' निघतं, आणि तो स्वतःच्याच हाताने स्वतःचं तोंड दाबतो. मला या चित्रापाशी दरवेळी थांबावं लागतं. आयुष्यभर जी हाक मारली ती आज मारायची नाही, हे त्या पोराने त्या क्षणी ठरवलंय. हे भांडण आपल्या दोघांचं, त्यात डोरेमॉन नको, असं तो जियानला सांगतो. मग मार खातो. पडतो, उठतो, पुन्हा पडतो, पुन्हा जाऊन चिकटतो. स्वतःच्या बळावर जिंकलो नाही तर डोरेमॉनला निश्चिंत मनाने जाता येणार नाही, एवढं एकच त्याचं म्हणणं. शेवटी जियानच कंटाळतो, हरलो म्हणतो आणि घरी जातो. डोरेमॉन शोधत येतो तेव्हा नोबिता रस्त्यावर पडलेला, तोंड सुजलेलं, आणि सांगतोय की मी एकट्याने जिंकलो, आता तू जा.

याला कुणी ऐतखाऊ म्हणणार असेल तर म्हणो बापडे.

मागे वर्गात मी मुलांना विचारलं होतं, डोरेमॉनच्या खिशातली कोणती वस्तू हवी ते लिहा. बहुतेकांनी एनीव्हेअर डोअर, म्हणजे हवं तिथे नेणारं दार लिहिलं, बऱ्याच जणांनी डोक्यावर लावून उडायचा बॅम्बू कॉप्टर. एका मुलाने वस्तूचं नावच लिहिलं नाही. 'वस्तू नको, तो खोलीत राहिला तरी चालेल.' हा मुलगा वर्गात कुणाशी फारसं बोलत नाही, डबाही भिंतीकडे तोंड करून खातो. त्याचं वाक्य वाचल्यावर मला समजलं की आम्ही मोठी माणसं खिशाकडे बघत बसलो आणि पोरं त्या मांजराकडे बघत होती. शाळेतून मार खाऊन, बोलणी खाऊन घरी यावं आणि 'काय झालं?' असं विचारणारं कुणीतरी असावं, म्हणून मुलं ते बघतात. पोरांची गरज तीच आहे, आणि ती आळसाची नाही.

मालिकेतलं सगळंच मला आवडतं असं नाही. नोबिताची मैत्रीण शिझुका आंघोळ करत असताना नोबिता चुकून तिथे जाऊन धडकतो, हा विनोद पुन्हा पुन्हा येतो. तो वाईट आहे. मुली ते कसं बघतात हे मी वर्गात पाहिलंय, आणि त्याचं समर्थन करणार नाही. जियानचं मारणं गमतीत घालवलं जातं, तेही अनेकदा खटकतं.

पण मोठेपणी शिझुका लग्नासाठी नोबितालाच का निवडते, याचं उत्तर मालिकेने दिलंय, आणि ते मार्कांत नाही. लग्नाच्या आदल्या रात्री शिझुका घाबरते, मी गेल्यावर तुम्हाला एकटं वाटेल, नकोच हे लग्न, असं वडिलांना म्हणते. तेव्हा वडील सांगतात की तुझी निवड चुकलेली नाही, हा मुलगा दुसऱ्याच्या सुखात सुख मानतो आणि दुसऱ्याच्या दुःखाने दुःखी होतो. प्रगतिपुस्तकात यासाठी रकाना नाही. मी दरवर्षी ती पुस्तकं भरते, मला माहीत आहे.

आणि निरोपाच्या गोष्टीवर रडलेल्या त्या तिसरीच्या पोरांचं काय झालं, तेही सांगते. महिनाभराने ती चौथीत गेली. एप्रिलचं चौथीचं मासिक हातात आलं, आणि त्यात डोरेमॉन परत आला होता.

निरोप, परत येणं आणि लग्नाची आदली रात्र, या तिन्ही गोष्टी २०१४ च्या 'स्टँड बाय मी डोरेमॉन' या सिनेमात एकत्र आहेत. पालकांनो, एखाद्या रविवारी मुलाशेजारी बसून बघा. बघून झाल्यावर कोणती वस्तू आवडली ते विचारू नका. तुझ्या वर्गात जियान कोण आहे, ते विचारा, आणि तू कधी कुणाचा जियान होतोस का, तेही. नाव कळलं तर मला येऊन सांगा, मुलाला पुढे न करता. मधल्या सुट्टीत मी लक्ष ठेवीन.