रेकॉर्ड बरोबर, उत्तर बरोबर, पण विचारतंय कोण?

डोकं फिरलंय नुसतं. घरच्या नेटवर्कवर चार सर्व्हिस चालतात, प्रत्येकीचा पोर्ट (मशीनवरचा दार क्रमांक म्हणा) वेगळा, आणि घरातल्या सगळ्यांनी आकडे पाठ करायचे, ८०९६ वर काय आणि ३००० वर काय. हे पाठांतर बंद व्हावं म्हणून तर एसआरव्ही रेकॉर्ड आहे ना? सर्व्हिसचं नाव विचारा, ती कुठल्या मशीनवर आणि कुठल्या पोर्टवर आहे ते डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा, सांगेल, एवढी सरळ गोष्ट. त्याच्या नियमांचा दस्तऐवज, आरएफसी २७८२, फेब्रुवारी २००० चा. पाव शतक उलटून गेलं राव!

आधी राउटर. प्रोव्हायडरने दिलेल्या डब्यात स्वतःचे डीएनएस रेकॉर्ड टाकायची सोयच नाही, मग वेगळ्या छोट्या मशीनवर डीएनएसमास्क, म्हणजे छोटा डीएनएस सर्व्हर, चालवा. तिथे अजून एक वैताग. झोन फाइलमध्ये, म्हणजे डीएनएस रेकॉर्डच्या नेहमीच्या फाइलमध्ये, क्रम असतो प्रायॉरिटी (आधी कुठलं मशीन), वेट (कोणाला किती वाटा), पोर्ट, टार्गेट (मशीनचं नाव), आणि डीएनएसमास्कच्या ओळीत टार्गेट, पोर्ट, प्रायॉरिटी, वेट. का? टार्गेट सोडलं तर नुसते आकडेच आहेत सगळे, त्यांची अदलाबदल झाली तरी एरर येत नाही, रेकॉर्ड आपलं दिमाखात चुकीचं उत्तर देत बसतं. वर सर्व्हिस आणि प्रोटोकॉल दोन्हीच्या आधी अंडरस्कोर हवा, टार्गेट सीनेम, म्हणजे दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं टोपणनाव, चालत नाही. ठीक आहे, नियम आहेत, पाळले सगळे.

डिग, म्हणजे डीएनएसला प्रश्न विचारून बघायची कमांड, मारलं. ० ५ ८०९६ आणि पुढे मशीनचं नाव. अगदी हवं तेच. मग ब्राउझरमध्ये नाव टाकलं तर गेला सरळ ८० वर, वेबच्या ठरलेल्या पोर्टवर, आणि म्हणे कनेक्शन रिफ्यूज्ड. टीव्हीवरचं ॲप, तेच. फोनवरचं ॲप, तेच. शेवटी टीसीपीडंप, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम, लावून डीएनएसचा पोर्ट ५३ बघत बसलो. ए आणि क्वाड-ए, म्हणजे नुसत्या आयपी पत्त्यांची रेकॉर्ड, विचारली, ब्राउझरने तर टाइप ६५ पण विचारलं, आणि टाइप ३३, म्हणजे एसआरव्ही, एकानेही विचारलं नाही. एकानेही! रेकॉर्ड तिथे तयार बसलंय आणि कोणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.

ब्राउझरवाले कारण काय देतात, तर एक क्वेरी, म्हणजे डीएनएसला एक विचारणा, वाढते, पान उघडायला उशीर होतो. अरे मग ते टाइप ६५ काय आहे, ती वाढीव क्वेरीच आहे ना? ते एचटीटीपीएस रेकॉर्ड आरएफसी ९४६० मध्ये २०२३ ला आलं, त्यात पोर्ट देता येतो हे मान्य, पण त्याचा अर्थच इथे एचटीटीपीएस वापरा असा होतो, म्हणजे घरातल्या साध्या पानासाठी आता सर्टिफिकेटचं लचांड गळ्यात. आणि माझा रिझॉल्व्हर, म्हणजे उत्तरं देणारं ते डीएनएसचं मशीन, शेजारच्या खोलीत आहे, एका क्वेरीने कसला उशीर होणार आहे?

सगळ्यात जास्त संताप याचा येतो की त्याच फोनला एसआरव्ही नीट वाचता येतं! घरातला प्रिंटर कसा सापडतो? एमडीएनएसवर, म्हणजे सर्व्हरशिवाय घरच्या नेटवर्कवरच चालणाऱ्या डीएनएसवर, प्रिंटर स्वतःचं एसआरव्ही रेकॉर्ड देतो, पोर्ट ६३१ सकट, आणि फोन गुपचूप वाचून प्रिंट काढतो. एक्सएमपीपी या चॅट प्रोटोकॉलचे क्लायंट वाचतात, माइनक्राफ्ट गेमची जावा आवृत्ती वाचते, ऑफिसांमधली ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे मायक्रोसॉफ्टची लॉगिनची व्यवस्था, तर त्याच्याशिवाय चालतच नाही. म्हणजे जमत नाही असं अजिबात नाही, करायचं नाहीये.

कोणाला सांगितलं की एकच सल्ला, रिव्हर्स प्रॉक्सी लाव, म्हणजे नाव बघून प्रत्येक विनंती योग्य पोर्टकडे धाडणारा मधला प्रोग्रॅम. लावतो ना, पण जे काम एका ओळीच्या रेकॉर्डने व्हायला हवं त्यासाठी अजून एक प्रोग्रॅम चोवीस तास जिवंत ठेवायचा, अपडेट करायचा, तो पडला की चारही सर्व्हिस एकदम बंद, आणि घरातले सगळे माझ्याकडे बघणार. शिवाय जे एचटीटीपीवर चालत नाही त्याला हा उपाय असा सरळ लागूही होत नाही.

नसेल वाचायचं एसआरव्ही तर नका वाचू, पण ॲपच्या सेटिंगमध्ये, माहितीच्या पानावर, कुठेतरी एक वाक्य लिहा की आम्ही ते बघत नाही. सगळे मूग गिळून बसलेत, एररमध्ये पण नुसतं सर्व्हर सापडला नाही. सापडेल कसा, विचारलंच नाहीस ना तू!