पेठांना डिस्ट्रिक्ट म्हटल्यानं सोलापूरचं काय होणार?

सोलापूरच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, तुमच्याकडंही आला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की सोलापूर मागं पडलं कारण आपल्याला ब्रँडिंग जमलं नाही, म्हणून आता शहराचे छोटे छोटे भाग पाडायचे आणि प्रत्येकाला डिस्ट्रिक्ट म्हणून नाव द्यायचं. अशोक चौक ते कन्ना चौक चादर डिस्ट्रिक्ट, पार्क चौक फूड डिस्ट्रिक्ट, सिद्धेश्वर मंदिर ते भुईकोट किल्ला हेरिटेज डिस्ट्रिक्ट, नवी पेठ आणि चाटी गल्ली मिळून शॉपिंग डिस्ट्रिक्ट. प्रत्येक ठिकाणी कमान, लोगो, रंगवलेल्या भिंती, सेल्फी पॉईंट. खर्च कमी, टुरिस्ट येणार, जागांचे भाव वाढणार, शहराला ओळख मिळणार आणि पोरं पुण्याला जायची थांबणार.

लिहिणाऱ्याला गावाची तळमळ आहे यात शंका नाही, पोरं पुण्याला जातात हे दुःख तर इथं घराघरात आहे. पण जो उपाय सांगितलाय तो मला पटत नाही, आणि लोक धडाधड फॉरवर्ड करायला लागलेत म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

पहिला मुद्दा, नाव दिलं की टुरिस्ट येणार. अहो लोक येतातच की. अक्कलकोट इथून ४० किलोमीटरच्या आसपास, तुळजापूर ४५, पंढरपूर ७०, गाणगापूरला जाणारा मोठा वर्ग सोलापूरलाच उतरतो. २०२३ पासून मुंबईची वंदे भारत आहे, २०२५ ला होटगी रोडवरून विमानं पण सुरू झाली. म्हणजे माणूस सोलापूरपर्यंत पोचतो, अडचण पुढं आहे, तो थांबत नाही. स्टेशनवर उतरून अक्कलकोटची गाडी पकडायच्या मधे त्याच्याकडं तीन-चार तास असले तर त्यानं काय करावं, सिद्धेश्वरचं दर्शन घेऊन किल्ला बघून, जिथं माग चालतात त्या पूर्व भागात खरी चादर घ्यायला जायचं म्हटलं तर सिटी बस कुठली, किती वाजता, हे त्याला कोण सांगणार? सिटी बसची काय अवस्था झालीय ते आपण सगळे बघतोच. बाई माणूस बरोबर असेल तर स्वच्छ बाथरूम कुठं आहे? सामान कुठं ठेवायचं? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर कमानीत नाही.

दुसरा मुद्दा चादर डिस्ट्रिक्टचा, आणि इथं मला जरा सविस्तर बोलायचंय कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होऊ शकतं.

ज्यांनी हे सुचवलंय त्यांनी पूर्व भागात दुपारी एकदा चालत फिरून बघावं. चादर आणि टॉवेल काही एका रस्त्यावर तयार होत नाहीत. सूत एकीकडं येतं, रंगणी दुसरीकडं, बीम भरणं, म्हणजे मागासाठी सूत रुळावर गुंडाळणं, तिसरीकडं, माग कुणाच्या घराच्या मागच्या शेडमधे तर कुणाचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत, शिलाई बायका घरी नेऊन करतात आणि पॅकिंग परत वेगळ्याच गाळ्यात. हे सगळं एकमेकांच्या जवळ आहे, टमटमनं माल इकडून तिकडं जातो, म्हणून परवडतं. यातल्या चार गल्ल्यांभोवती रेघ मारून हाच चादर डिस्ट्रिक्ट म्हटलं की बाहेर राहिलेल्या कारखानदाराचं काय? आणि आत आलेल्याचं तरी काय भलं होणार? मागाचा खडखडाट असतो, रंगाचं पाणी असतं, गल्लीत टेंपो उभे असतात. उद्या तिथं कॅफे आणि शोरूम आले, वरच्या मजल्यावर राहायला नवीन लोक आले, की पहिली तक्रार आवाजाची होणार. माग चालवणाऱ्यांत भाड्याच्या शेडमधे काम करणारे कितीतरी आहेत. शेडच्या मालकाला शोरूमवाला जास्त भाडं देणार म्हटल्यावर माग हलवायला सांगणारच, त्यात मालकाचा तरी काय दोष. मग चादर डिस्ट्रिक्टमधे चादर विकली जाईल, विणली कुठंतरी लांब जाईल.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे लेबल लावायचा प्रयोग आपण आधीच केलाय. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हीला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे आणि तो आजचा नाही, दोन दशकं झाली. देशात जीआयचा कायदा लागू झाला २००३ ला, त्यानंतर अगदी सुरवातीला ज्या वस्तूंची नोंद झाली त्यात आपली चादर होती. यापेक्षा मोठं ब्रँडिंग कुठलं असतं? भारत सरकारनं कायद्यानं सांगितलं की हे नाव सोलापूरचं. तरी बाजारात काय चाललंय, पानिपतकडचा स्वस्त पॉलिस्टर मिक्स माल सोलापुरी चादर म्हणून राजरोस विकला जातो, हायवेच्या कडेला पण आणि ऑनलाईन पण. कारण टॅग मिळाल्यावर जे करायला लागतं ते पुरेसं झालं नाही. एकेका उत्पादकानं अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करायची असते, मालावर खूण लावायची असते, नकली माल पकडून केस करायची असते, नोंदणी दर दहा वर्षांनी रिन्यू करायची असते. हे सगळं किचकट, कंटाळवाणं काम आहे आणि त्याला वकील लागतो, पैसा लागतो, पाठपुरावा करणारा माणूस लागतो. एक राष्ट्रीय पातळीवरचं नाव हातात असताना ते आपल्याला सांभाळता येत नाहीये, तर महापालिकेच्या ठरावानं दिलेलं गल्लीचं नाव कसं सांभाळणार?

उलट बाजूचं उदाहरण पण आपल्याच गावात आहे. सोलापूरचा युनिफॉर्म. शाळेचे गणवेश शिवणारे इथले कारखानदार एकत्र आले, २०१७ पासून युनिफॉर्म आणि गारमेंटचं प्रदर्शन भरवायला लागले, बाहेरचे व्यापारी यायला लागले. त्यासाठी कुठल्या पेठेला नाव द्यायला लागलं नाही. धंदा करणारे एकत्र बसले, गिऱ्हाईक शोधलं, ऑर्डरी आणल्या.

तिसरा मुद्दा, बाकीच्या शहरांनी केलंच की. मेसेजमधे इंदूरचं छप्पन दुकान, मुंबईचा काळा घोडा आणि दिल्लीच्या लोधी कॉलनीतला आर्ट डिस्ट्रिक्ट अशी तीन उदाहरणं आहेत. तिन्ही नीट बघूया. छप्पन दुकान ही एकाच ओळीतली खाण्याची दुकानं, त्यांची आपली संघटना आहे आणि ती जागा नाव देऊन चालायला लागलेली नाही, ती आधीपासून फेमस होती. २०२० च्या सुमारास तिथं रस्ता गाडीमुक्त केला, बसायला जागा केली, सगळं नीट मांडलं. त्याच्या आधी अख्ख्या इंदूरनं कचरा उचलायची यंत्रणा उभी केली होती, २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर उगाच येत नव्हता. म्हणजे आधी झाडू, मग बोर्ड.

काळा घोड्याचं तर विचारूच नका. दहा मिनिटांच्या चालीत म्युझियम, १९५२ ची जहांगीर आर्ट गॅलरी, डेव्हिड ससून लायब्ररी, आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय हे सगळं आधीपासून उभं होतं. तिथली असोसिएशन १९९८ ची, आणि फेस्टिव्हलमधून जमलेला पैसा जुन्या वास्तू दुरुस्त करायला वापरला जातो. लोधी कॉलनी ही सरकारी क्वार्टर्सची वसाहत, तिथं भिंती रंगवल्यानं भाडेकरूला घर सोडायला लागलं असं होण्याचा प्रश्न कमी. आपल्या पेठांचं तसं नाही.

ज्या उदाहरणाची आठवण त्यांनी ठेवायला पाहिजे होती ते मेसेजमधे नाहीच, ते म्हणजे मुंबईचं गिरणगाव. १९८२ चा संप, गिरण्या बंद, आणि मग परळला बिल्डरांच्या जाहिरातीत अपर वरळी म्हणायला लागले. नाव बदललं, भाव चढले, आणि ज्यांच्या बापांनी त्या गिरण्यांत रात्रपाळ्या केल्या ती पोरं विरार आणि बदलापूरला राहायला गेली. सोलापूर पण गिरणीचंच गाव आहे. जुनी मिल १८७७ ची, मग लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल, सगळ्या गेल्या. आपण हे बंद भोंगे बघितलेत, त्यामुळं जागांचे भाव वाढणार हे वाक्य वाचून आनंद व्हायच्या ऐवजी पोटात गोळा यायला पाहिजे.

हाच चौथा मुद्दा खरं तर. भाव वाढले की सगळ्यांचा फायदा, असं मेसेज म्हणतो. फायदा ज्याची जागा त्याचा. पूर्व भागातल्या बिडी वळणाऱ्या बाईचा नाही, ती पानं-तंबाखू आणायला आणि वळलेल्या बिड्या द्यायला कारखान्याच्या ब्रँचला चालत जाते, तिचं घर दोन किलोमीटर लांब गेलं तरी तिच्या मजुरीतून रिक्षाचे पैसे जाणार. कुंभारीला कामगारांसाठी मोठ्या वसाहती झाल्या, रे नगरची ३०,००० घरांची योजना आहे, त्यातली पहिली १५,००० घरं जानेवारी २०२४ ला दिली गेली. हक्काचं घर मिळालं ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती कामगारांनी वर्षानुवर्षं लढून मिळवलीय. पण तिथून रोज शहरात कामाला यायचं म्हणजे जायला-यायला किती वेळ आणि पैसा जातो हे तिथल्या माणसाला विचारा, आणि मग ठरवा की उरलेल्यांना भाडं वाढवून बाहेर घालवायचं का.

खर्च कमी आहे, हा पाचवा मुद्दा. जानेवारी २०१६ ला स्मार्ट सिटीची पहिली २० शहरांची यादी आली त्यात आपण नवव्या नंबरवर होतो, केवढा आनंद झाला होता. त्या योजनेची कल्पना हीच होती की एक छोटा भाग निवडायचा आणि तिथं पैसा लावून दाखवायचा. केंद्राचे ५०० कोटी आणि तेवढेच राज्य आणि महापालिका मिळून, असा हिशोब होता. गावठाणात कामं झाली, काही चांगलीपण झाली, मी सगळं वाईट म्हणणार नाही, पण १९९२ ला हद्दवाढ होऊन जे भाग शहरात आले तिथल्या कितीतरी नगरांत तीस वर्षांनंतरही ड्रेनेजसाठी मोर्चे निघतात. आणि उजनी धरण भरलेलं असताना नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. कमानीचा खर्च कमी असेल हो, पण महापालिकेत इंजिनिअर तेवढेच आहेत, टेंडर काढणारे तेवढेच, सभागृहाचा वेळ तेवढाच. सहा महिने लोगो कुठला आणि हद्द कुठं यावर भांडण्यात गेले की तेवढे सहा महिने पाण्याचा विषय मागं. शिवाय हद्दीवरून भांडणं होणारच, प्रत्येक वॉर्डाला आपला डिस्ट्रिक्ट पाहिजे असणार.

फूड डिस्ट्रिक्टवर फार लिहित नाही. पार्क चौपाटी चालतीय, तिला नावाची गरज नाही, हात धुवायला पाणी आणि पार्किंग द्या. आणि सोलापूरचं खाणं काही एका चौकात मावत नाही, रमजानमधे लोक विजापूर वेशीला जातात, शेंगाचटणी आणि कडक भाकरी घराघरातून बायका करून देतात, डिस्को भजी प्रत्येकाच्या आवडत्या गाड्यावरची वेगळी.

आता ओळखीचा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त लागला. मेसेज म्हणतो सोलापूरला ओळख नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, ती लिंगं शहरभर विखुरलेली आहेत, मिरवणूक कुणाच्या पेठेची हद्द बघत नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा पूर्व भागात पाय ठेवायला जागा नसते आणि बघायला सगळं गाव जातं. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, ही चार नावं नुसती वाचा. इथं एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारी माणसं एकमेकांच्या भाषेत भांडतात आणि उधारी पण देतात. या गावाचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळा रंग दिला की थोड्या दिवसांत हा तेलुगू लोकांचा डिस्ट्रिक्ट, तो अमक्यांचा, असं बोलायला कितीसा वेळ लागणार? निवडणुकीत वॉर्डरचनेवरून काय होतं ते बघितलंय आपण.

मग करायचं काय, असं विचाराल. आधी जीआयचं काम पुरं करा. ज्या ज्या उत्पादकाची अधिकृत नोंद आहे त्यांची यादी पत्त्यासकट स्टेशनवर, एसटी स्टँडवर आणि विमानतळावर मोठ्या अक्षरात लावा, प्रत्येक चादरीवर क्यूआर कोड द्या म्हणजे गिऱ्हाईकाला कळेल कुठल्या मागावर विणली. ज्या कारखानदारांची तयारी आहे त्यांच्याकडं ठराविक वेळेला माग बघायला मिळतील अशी सोय करा, जकार्ड मागावर नक्षी कशी उठते हे बघितलेला माणूस चादर घेतल्याशिवाय जात नाही. स्टेशन, सिद्धेश्वर मंदिर, किल्ला, इंद्रभुवन, कन्ना चौक, अशोक चौक अशी एकच बस दर वीस मिनिटांनी फिरवा, टुरिस्टला पण चालेल आणि कामाला जाणाऱ्या बाईला पण. नवी पेठेत पार्किंगची सोय करा आणि फूटपाथ चालायला मोकळे करा. जिथं माग चालतात त्या गल्ल्यांत रंगाच्या पाण्याची आणि लाईटची सोय करा, आणि भाड्याच्या शेडमधे माग चालवणाऱ्याला एकदम बाहेर काढता येणार नाही असा काहीतरी नियम करा.

यातलं काहीच फोटोत भारी दिसत नाही, मान्य आहे. पण हा मेसेज ज्यांनी लिहिला त्यांना एवढंच विचारायचंय, की पुढच्या बजेटच्या आधी महापालिकेत निवेदन द्यायला जाणार असाल तर कमानीच्या ऐवजी बसचं आणि जीआयच्या यादीचं घेऊन जाल का? सही करायला मी येतो.