तिचा प्रश्न सायन्स फिक्शनचाच होता

रविवारपासून डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते. आमच्या रविवारच्या ग्रुपमधले बरेच जण इथे फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, त्यांनी तर वाचावंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप आहे, रविवारी सकाळी टेकडी उतरली की डेक्कनला एका उडप्याकडे इडली-वडा, कॉफी आणि मग दोन तास नुसत्या सिरीज. स्पेसशिप, ड्रॅगन, टाइम ट्रॅव्हल, कुठला सीझन गंडला, कुठला शो उगाच बंद केला, सगळं. आठवडाभर मी त्या दोन तासांची वाट बघते, खरंच.

या रविवारी भाचीला घेऊन गेले. नववीत आहे. गेले दोन महिने ती द फ्लॅश बघतेय, तो अफाट वेगाने पळणारा सुपरहिरो, झपाटल्यासारखी, आणि तिला आमच्यात यायचंच होतं. पहिला अर्धा तास गप्प बसून ऐकलं तिने. मग हळूच म्हणाली, "फ्लॅश माणसाला उचलून पळतो ना, मग त्या माणसाची मान कशी मोडत नाही?" आणि बिलाच्या मागच्या बाजूला पेनने मांडायलाच लागली. समजा ०.१ सेकंदात तो आवाजाच्या वेगाला पोचला, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटर, तर त्वरण झालं ३४००, भागिले ९.८, म्हणजे जवळजवळ ३५० जी, पृथ्वीच्या ओढीच्या ३५० पट. फायटर पायलट खास सूट घालून ९ जीपर्यंत जातात, तेही थोडाच वेळ. ३५० च्या खाली तिने दोन रेघा मारल्या आणि आमच्याकडे बघितलं.

आमच्यातले एक ज्येष्ठ काका म्हणाले, "बाळ, हे सुपरहिरोचं पोरासोरांचं असतं, इथे आम्ही सायन्स फिक्शनवर बोलतो." आणि गाडी परत आपल्या जागी. बाकी कोणी काही बोललं नाही. मीही नाही बोलले, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतंय. तिने ते बिल घडी घालून सॅकमध्ये टाकलं आणि पुढचा दीड तास सांबारात चमचा फिरवत बसली. येताना कर्वे रोडच्या सिग्नलला मागून विचारते, "मावशी, मी काही चुकीचं विचारलं का गं?"

नाही गं बाई, त्या टेबलावर त्या दिवशी विचारलेला सगळ्यात सायंटिफिक प्रश्न तुझा होता.

कारण बघा ना, हाच प्रश्न स्टार ट्रेक या अंतराळजहाजाच्या सिरीजलाही पडतो. एवढं मोठं जहाज क्षणात वेग घेतं, मग आतली माणसं भिंतीला चिकटून चपाती का होत नाहीत? त्यासाठी त्यांनी इनर्शियल डॅम्पर नावाचं यंत्र कल्पिलं. फ्लॅशवाले म्हणतात स्पीड फोर्स त्याला आणि त्याने उचललेल्या माणसाला सांभाळून घेतो. दोन्हींचं काम तेच, आणि कसं चालतं ते दोन्हीकडे कोणी धड सांगत नाही. मग एक खरं सायन्स फिक्शन आणि दुसरं पोरासोरांचं, हे ठरवलं कोणी?

आणि जे आपण 'खरं' म्हणून मिरवतो ते तरी कुठून आलं? १९६६ मध्ये स्टार ट्रेकला दर भागात जहाज ग्रहावर उतरवून दाखवायचं बजेट नव्हतं म्हणून ट्रान्सपोर्टर आला, माणसाला क्षणात जहाजावरून ग्रहावर पोचवणारं यंत्र. डॉक्टर हू या बीबीसीच्या टाइम ट्रॅव्हलच्या सिरीजमधला डॉक्टर चेहरा बदलतो, कारण त्याच वर्षी पहिल्या नटाची तब्येत साथ देईना आणि शो तर चालू ठेवायचा होता. दोन्ही कल्पना मला जीव की प्राण आहेत, पण जन्म अडचणीतून. आणि डॉक्टर हू १९६३ मध्ये आलं तेच मुळी घरातल्या लहानमोठ्यांनी मिळून बघायला, पहिल्या प्रवासात डॉक्टरसोबत कोण होतं तर शाळेतले दोन शिक्षक, एक विज्ञानाचे आणि एक इतिहासाच्या. पोरांना शिकवावं म्हणूनच ते तसे घातले होते. पुढे बीबीसीने जुन्या टेपा पुसून टाकल्या, पण त्या हरवलेल्या भागांचा आवाज आज ऐकायला मिळतो, कारण तेव्हा फॅन लोकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून ते भरून ठेवले होते. कल्पना करा, घरच्यांना गप्प बसवून, मायक्रोफोन स्पीकरजवळ धरून बसलेला कोणीतरी. तो आपल्यातलाच की हो!

आता मला सर्वात लागलेली गोष्ट. हे पुण्यात झालं. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांच्या पुण्यात. शाळेतली पोरं सही मागायला आली की सर सही देत नसत, म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर देईन आणि त्याखाली सही असेल. आणि खरंच उत्तर पाठवत. आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था उभी करणारा माणूस, स्वतः मराठीत विज्ञानकथा लिहिणारा, तो पोरांना प्रश्न विचारायला लावायचा. मे २०२५ मध्ये सर गेले तेव्हा आमच्या ग्रुपवर आम्ही सगळ्यांनी काय काय लिहिलं होतं, जरा वर स्क्रोल करून बघा.

काकांवर माझा राग नाही. दर रविवारी मला अर्धी इडली देणारा माणूस आहे, आणि त्यांनी दिलेल्या पुस्तकांवर मी वाढलेय. पण काका, तुम्हीच कितीदा सांगितलंय की तुमच्या ऑफिसमधले लोक तुमच्या स्टार ट्रेकला 'कार्टून' म्हणायचे आणि तुम्हाला किती लागायचं ते. मग तेच तुम्ही तिला का म्हणालात?

तर, त्याच रात्री मी तिला द एक्स्पान्स ही अंतराळातली सिरीज लावून दिली. त्यात इनर्शियल डॅम्पर वगैरे काही नाही. जहाज जोरात पळवायचं तर माणसं खास खुर्चीत, अंगात औषधाच्या सुया, आणि तरी जास्त जी सहन न होऊन माणसं मरतात. तिचा बिलामागचा प्रश्न ती सिरीज अख्खी खांद्यावर घेऊन चालते. पहिल्याच भागात जहाज वेगात असताना पॉज केलं तिने, सॅकमधून ते बिल काढलं, त्यावर सांबाराचा डाग होता, आणि म्हणाली, "मावशी, म्हणजे यांनीपण हिशेब केलाय!"

येत्या रविवारी ती परत येणार आहे, मी विचारलंय तिला. बिल पण आणणारे. काका, तिच्या शेजारची खुर्ची तुमच्यासाठी ठेवतेय, या वेळेला आधी तिचं ऐकायचं. आणि ज्यांना शक्तिमानवर बोलायचंय आणि इतकी वर्षं आमच्यासमोर लाजत होते, त्यांनीही या. तो गरगर फिरायचा तेव्हा किती जी होत असतील ते काढायचंय तिला, कोणाकडे जुनं रेकॉर्डिंग असेल तर सेकंदाला किती गिरक्या ते मोजून ठेवा.