निवडणुकीच्या पुढचं पण लिहा

चांगली चाललेली नोकरी सोडून राजकीय बदल आणि खऱ्या लोकशाहीवर पूर्णवेळ लिहायचं ठरवलंत, हे वाचून मनापासून आनंद झाला. फक्त एक सांगावंसं वाटतं, तुमच्या त्या लेखात सगळा भर चांगले उमेदवार निवडून आणण्यावर आहे, पण मत दिल्यावर पुढची चार-पाच वर्षं लोकांना विचारतो कोण? खरी गोची तिथे आहे.

आयर्लंडचं बघा ना, २०१६ मध्ये त्यांनी नागरिक सभा बसवली, ९९ साधी माणसं यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली आणि वर एक अध्यक्ष, आणि गर्भपातासारखा विषय जो पुढारी वर्षानुवर्षं टाळत होते तो या लोकांनी तज्ज्ञांना विचारून, दोन्ही बाजू ऐकून, आपसात बोलून पुढे नेला आणि २०१८ च्या सार्वमतात मत देणाऱ्या ६६ टक्क्यांवर लोकांनी गर्भपातावरची घटनेतली बंदी काढायला होकार दिला. स्वित्झर्लंडमध्ये तर संसदेने केलेल्या कायद्याविरुद्ध १०० दिवसांत ५०,००० सह्या जमल्या की तो थेट लोकांच्या मतावर जातो. अशा गोष्टी सोप्या भाषेत कुणी सांगतच नाही, तुम्ही सांगा.

आणि पैशाचं आधी नीट बघा प्लीज. एकाच मोठ्या देणगीदारावर किंवा पक्षावर अवलंबून राहिलात तर हळूहळू काय लिहायचं नाही हे तेच ठरवायला लागतात. त्यापेक्षा थोडे थोडे पैसे देणारे खूप वाचक बरे, वेळ लागेल पण लेखणी मोकळी राहील. मी वर्गणी द्यायला तयार आहे, कशी द्यायची ते सांगा.