दहाला दोन मिनिटं कमी

मागच्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कुठलातरी मॉल, बिलिंग काउंटरवर एक पोरगी, आणि समोर पन्नाशीचे एक गृहस्थ बदलून द्यायची मुदत संपलेला शर्ट तिच्या अंगावर भिरकावतायत, "मॅनेजरला बोलव तुझ्या, ओळखत नाहीस मला". ती पोरगी शर्ट उचलते, सवयीने घडी घालते आणि म्हणते, "सॉरी सर". झालं, ग्रुप पेटला. मामा म्हणाले आपल्याकडे संस्कारच उरले नाहीत, परदेशात बघा कसे थँक्यू-सॉरी करत असतात. आत्याचं म्हणणं, ही काउंटरवरची पोरं पण काही कमी नसतात, पैसे घेताना गोड आणि परत द्यायची वेळ आली की तोंड वाकडं. आणि मग नेहमीसारखं सगळ्यांनी मला टॅग केलं, तू सांग रे, तिकडे कसं असतं?

तिकडे म्हणजे स्कॉटलंडमधलं ग्लासगो. मी इथे मास्टर्सला आलो तेव्हा स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं म्हणून एका सुपरमार्केटात टिलवर उभा राहिलो (टिल म्हणजे आपला बिलिंग काउंटर, पण आता तोंडात तेच बसलंय), आणि डिग्री झाल्यावरसुद्धा मनासारखी नोकरी मिळेपर्यंत तिथेच राहिलो, अशी एकूण तीन वर्षं. त्यामुळे या एका विषयावर तरी मला थोडं बोलायचा हक्क आहे असं मी धरून चालतो.

तर मामांचं अर्धं खरं आहे. इथे बसमधून उतरताना माणसं ड्रायव्हरला "चीअर्स" म्हणून उतरतात, शाळेतली पोरंसुद्धा, आणि पहिल्या महिन्यात मला त्याचं भयंकर कौतुक वाटलं होतं. टिलवर पण दहातले नऊ जण "हाय, हाऊ आर यू" करणारच, उत्तर ऐकायची कुणाला घाई नसते ती गोष्ट वेगळी. पण उरलेला एक जो असतो ना, तो मामांनी बघितलेला नाही. तुझ्या देशात जा, हे मला पहिल्यांदा ऐकवलं गेलं ते सवलतीच्या दरातल्या एका डिटर्जंटवरून, डिस्प्लेवर लावलेली सवलत आदल्या दिवशी संपली होती एवढंच कारण. म्हणणारी आजी होती. माझ्या आजीच्या वयाची, केस तसेच पांढरे. मला उत्तर सुचलं ते रात्री दीड वाजता, अंथरुणात.

आणि दारू. स्कॉटलंडमधे दुकानातून दारू विकायची परवानगी सकाळी १० ते रात्री १०, बस. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. वर चॅलेंज २५ म्हणून प्रकार आहे, म्हणजे कायद्याने १८ पूर्ण असले की दारू घेता येते पण समोरचा पंचविशीच्या आतला वाटला तर ओळखपत्र मागायचंच, आणि अल्पवयीन पोराला बाटली विकली गेली तर दुकानाबरोबर टिलवरच्या माणसावरही केस होऊ शकते. दारूच्या बाटलीला हात लावायच्या आधी आम्हाला दोन तासांचं ट्रेनिंग सक्तीचं होतं, ते याचसाठी. म्हणजे बघा, नियम सरकारचा, तो पाळायचा मी, आणि शिव्या खायच्या त्याही मीच. या देशातल्या टिलवरच्या भांडणांचं मूळ शोधायला गेलात तर बऱ्याचदा ते या दोन नियमांत सापडेल.

एक शनिवार सांगतो. दहाला दोन मिनिटं कमी होती. एक चाळिशीचा माणूस बिअरचा क्रेट खांद्यावर टाकून लाइनीत, पुढे एक बाई जिची कुपनं संपतच नव्हती. त्याचा नंबर आला, मी क्रेट स्कॅन केला, टिलने बीप केलं आणि स्क्रीनवर आलं की आता ही वस्तू विकता येणार नाही. दहा वाजून गेले होते. तो म्हणाला मी दहाच्या आधीपासून लाइनीत आहे. खरंच होतं. मी म्हटलं हो, मी बघितलं तुम्हाला, पण मशीनच घेत नाहीये. मग आवाज चढला, मग माझ्या रंगावर आला, मग क्रेट एवढ्या जोरात आपटला की एक कॅन फुटून बिअर माझ्या बाहीत शिरली, थंडगार, कोपरापर्यंत. इथे आम्हाला जे शिकवलं होतं ते असं की "शांत व्हा" हे दोन शब्द कधी म्हणायचे नाहीत, त्याने माणूस हमखास भडकतो. आपला आवाज त्याच्यापेक्षा खाली ठेवायचा, एकच वाक्य तसंच्या तसं परत म्हणायचं, शेवटचा शब्द त्याला घेऊ द्यायचा. आणि तरी नाही थांबला तर स्पष्ट सांगायचं, तुम्ही असं बोलत राहिलात तर मी तुम्हाला सर्व्ह करणार नाही. तोपर्यंत शिफ्टची मॅनेजर येऊन माझ्या शेजारी उभी राहिली होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिने. त्याला म्हणाली, याने सांगितलं ना, मग तेच उत्तर आहे, आता बाहेर. त्या माणसाला महिनाभर दुकानात यायची बंदी झाली.

मला त्या रात्री त्या माणसाचं काही वाटलं नाही. मॅनेजरचं मात्र अजून आठवतं. कारण मी नाशिकला कॉलेजात असताना सुट्टीत एका कपड्याच्या दुकानात काम केलं होतं आणि तिथे असं काही झालं की मालक आधी गिऱ्हाईकाकडे बघून हसायचे आणि मग मला म्हणायचे, "ए, माफी माग साहेबांची". काय झालं हे विचारायची पद्धतच नव्हती.

स्कॉटलंडमधे यावर एक स्वतंत्र कायदा आहे. पार्लमेंटात जानेवारी २०२१ मधे एकमताने पास झाला आणि त्याच वर्षी २४ ऑगस्टपासून लागू झाला. दुकानात काम करणाऱ्याला मारणं, धमकावणं, घाणेरडं बोलणं हा वेगळा गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि तो माणूस वयाचा नियम पाळत असताना हे घडलं असेल तर गुन्हा अजून गंभीर धरला जातो. दुकानातून माल घरी पोचवणारा डिलिव्हरीवालासुद्धा यात धरलाय, हे मला सगळ्यात आवडलेलं कलम. हे काही आकाशातून पडलं नाही. अस्डॉ नावाची इथली दुकान कामगारांची युनियन कितीतरी वर्षं "फ्रीडम फ्रॉम फिअर" म्हणून मोहीम चालवतेय. आता कायदा झाला म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नका. बिअरवाल्याच्या वेळी आम्ही पोलिसांना फोन केला होता, त्यांनी तक्रारीचा नंबर दिला, ते दुसऱ्या दिवशी आले, पुढे काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. शिव्या देणाऱ्याला शिवी देताना कायदा आठवत नाही. पण मॅनेजरला आठवतो, कंपनीला आठवतो, आणि भिंतीवर पोस्टर असतं की आमच्या माणसांशी नीट बोला. ते पोस्टर गिऱ्हाईकासाठी असतं असं सगळ्यांना वाटतं, मला विचाराल तर ते टिलमागच्या माणसाला वाचायला असतं.

आता आपल्याकडच्या भिंती आठवा. बँकेत गांधीजींच्या नावाने एक तसबीर असते, ग्राहक हा आपल्याकडे येणारा सगळ्यात महत्त्वाचा पाहुणा आहे, तो आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत वगैरे. कधीकधी खाली लिहिलेलं असतं, दक्षिण आफ्रिकेतलं भाषण, १८९०. अहो, १८९० साली गांधीजी लंडनमधे बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते, आफ्रिकेत ते गेले १८९३ ला. पण ते जाऊ दे. गंमत अशी की त्या तसबिरीखाली बसलेला माणूस "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" म्हणतो आणि पाहुणा निमूट घरी जातो. आणि तहसीलला गेलात तर तिथे दुसरी पाटी, शासकीय कामात अडथळा आणल्यास कलम ३५३ खाली कारवाई होईल. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ते कलम १३२ झालंय पण लोकांच्या तोंडी ३५३च आहे, आणि ३५३ म्हटलं की भले भले आवाज खाली करतात. डॉक्टर आणि हॉस्पिटलच्या स्टाफसाठी महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे. म्हणजे काउंटरमागच्या माणसाला संरक्षण ही कल्पना आपल्याला नवीन नाही. फक्त ते संरक्षण आपण दिलं कुणाला, तर ज्याच्याकडे सही-शिक्का आहे त्याला. मॉलमधल्या त्या पोरीला काय आहे? मारलं तर मारहाणीचं साधं कलम आहे, ठीक. पण शर्ट अंगावर फेकला, लायकी काढली, रांगेतल्या सगळ्यांसमोर माफी मागायला लावली, यासाठी ती पोलीस स्टेशनला जाईल आणि दुसऱ्या दिवशी तिची नोकरी असेल, असं मला कुणीतरी छातीठोक सांगा.

हे मी ग्रुपवर टाकलं तेव्हा आत्या मधे पडली आणि तिचा मुद्दा मला खरंच खोडता येईना. ती म्हणे, ३५३ ने काय झालं, सरकारी माणूस नम्र झाला की उद्धट झाला? तेच संरक्षण उद्या मोबाइलच्या दुकानातल्या पोराला दे, तो पण तसाच होईल. आपल्याकडे ग्राहकाला काही किंमत नव्हती म्हणून तर चळवळ करावी लागली, पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ ला ग्राहक पंचायत काढली, १९८६ ला ग्राहक संरक्षणाचा कायदा आला, ते सगळं आम्ही बघितलंय, तू नको शिकवू. बरोबरच आहे तिचं, भेसळ आणि काटा मारणं यांनी गांजलेली तिची पिढी. ग्राहक राजा आहे हे त्यांनी भांडून मिळवलंय. मी दोन दिवस विचार केला मग लिहिलं की आत्या, तहसीलला तुला दुसरीकडे जायची सोय नाही म्हणून तो माजतो. दुकानातला पोरगा माजला तर तू शेजारच्या दुकानात जाशील आणि हे त्याच्या मालकाला पक्कं ठाऊक आहे, त्यामुळे तो फार माजणार नाही, भीती उलट बाजूची आहे. इथे दुकानाला कुणालाही "नाही" म्हणता येतं, रंग, धर्म, अपंगत्व असल्या कारणावरून भेदभाव केला नाही म्हणजे झालं, तरी मला अजून उगाच गिऱ्हाईक हाकलणारं दुकान दिसलेलं नाही. धंदा कुणाला नको असतो. आत्याने यावर फक्त अंगठा टाकला. म्हणजे पटलं असा अर्थ नाही होत.

आणि एक गोष्ट, जी ग्रुपवर लिहिली असती तर मोठी भांडणं झाली असती. इथला माणूस उद्धट असतो तेव्हा त्याला स्वतःला माहीत असतं की आपण उद्धटपणा करतोय, तो चिडलेला असतो किंवा प्यायलेला असतो. आपल्याकडे आपण चिडलेलेही नसतो. हॉटेलात साठीच्या वेटरला "ए, पाणी आण" म्हणणारा माणूस अगदी खुशीत असतो, बायकामुलांसोबत असतो, आणि त्याला कुणी उद्धट म्हटलं तर खरंच आश्चर्य वाटेल. अहो-जाहो आपल्या भाषेत आहे, पण ते आपण माणूस बघून काढतो, कुठल्या खुर्चीत बसलाय ते बघून. इंग्रजीत सगळ्यांना एकच "यू", त्यात त्यांची काही थोरवी नाही, त्यांना पर्यायच नाही! लिफ्टमधे "डिलिव्हरी बॉइजनी ही लिफ्ट वापरू नये" असा कागद चिकटवणारे सोसायटीचे सेक्रेटरी वाईट माणूस असतील असं नाही, दिवाळीला त्याच पोराला फराळाची पिशवी पण देत असतील. आणि त्या पोराचं ऐका, गिऱ्हाईक त्याला एक स्टार देऊ शकतो, तक्रार करू शकतो, आयडी ब्लॉक झाली तर दुसऱ्या दिवशी काम नाही. त्याने गिऱ्हाईकाबद्दल काय सांगायचं आणि कुणाला? म्हणून मला संस्कारावरच्या चर्चेचा कंटाळा येतो. संस्कार सुधारायला दोन पिढ्या लागतील, मॅनेजरने "आधी सांग काय झालं" एवढं विचारायला एक सर्क्युलर पुरतं.

माझा चुलतभाऊ आत्ता असाच एका मॉलमधे आहे, शूजच्या सेक्शनला. व्हिडिओवर सगळे बोलले, तो बोलला नाही. रात्री मी त्याला वेगळा फोन केला. म्हणाला दादा, त्या पोरीने केलं ते बरोबर केलं, महिनाअखेर होती, माझ्याबरोबर झालं तेव्हा मी पण सॉरीच म्हटलं, एका तक्रारीवर इन्सेंटिव्ह कापतात. नऊ नंबरचे बूट घातलेल्या माणसाने आठ नंबर मागितला, बसला नाही, तर बूट याच्या छातीवर. हे सगळं तो हसत सांगत होता. मग जरा थांबून म्हणाला, तुमच्याकडे खरंच टिलखाली मॅनेजरला बोलवायची बेल असते का?

म्हटलं असते. तीन वर्षांत दोनदा वाजली माझ्याकडून. एकदा त्या बिअरवाल्याच्या वेळी, आणि एकदा स्टूल सरकवताना चुकून गुडघा लागला. तेव्हा पण ती पळत आली होती, हातात अर्धं सँडविच घेऊन.